डूडल पिल्लू: नर घ्यावा की मादी? इंदूरच्या घरांसाठी परीक्षण

नर की मादी, हा प्रश्न डूडलच्या बाबतीत तिसऱ्या नंबरचा. पहिला प्रश्न, आई-बाप कोण आणि ते डोळ्यांनी पाहिले का. दुसरा, मोठेपणी केस कसे निघणार. ही दोन उत्तरं हातात आली की मग नर-मादीकडे वळावं, आणि तेव्हाही ‘मादी शांत, नर मस्तीखोर’ या ऐकीव शहाणपणावर लाखाच्या घरातली रक्कम लावू नये. फरक आहेत, पण ते लघवीत, पोटाखालच्या केसांत, नसबंदीच्या ऑपरेशनच्या बिलात आणि एका ठरावीक ॲलर्जीत आहेत. स्वभावात ते फारच कमी आहेत. ज्या मुद्द्याला जेवढं वजन, तेवढी जागा त्याला इथे दिली आहे.

विकलं काय जातं

डूडल म्हणजे पूडल या कुरळ्या केसांच्या जातीशी केलेला संकर. गोल्डन रिट्रीव्हरबरोबर गोल्डनडूडल, लॅब्रेडॉरबरोबर लॅब्राडूडल, कॉकरबरोबर कॉकापू, कॅव्हलियरबरोबर कॅव्हापू. पहिल्या पिढीला एफ-वन म्हणतात, त्यात निम्मं रक्त पूडलचं. एफ-वन पुन्हा पूडलला दिलं की एफ-वन-बी, त्यात पाऊण हिस्सा पूडल. एफ-वनच्या एकाच वेतात सरळ, लाटेदार आणि कुरळे अशा तिन्ही तऱ्हा निघू शकतात, त्यामुळे ‘हा केस गाळत नाही’ असं सात आठवड्यांच्या एफ-वन पिल्लाबद्दल छातीठोक सांगणारा विक्रेता अंदाजच बांधत असतो. एक खूण मात्र कामाची आहे. आठव्या आठवड्यापर्यंत पिल्लाच्या तोंडावर मिशा आणि भुवया फुटलेल्या दिसायला हव्यात. ज्याचं तोंड लॅबसारखं गुळगुळीत, ते मोठेपणी लॅबसारखेच केस गाळणार. यात नर-मादी असा भेद नाही.

इंदुरात बहुतेक विक्रेते नराला मादीपेक्षा थोडे जास्त पैसे सांगतात, कारण मागणी नराला आहे. या जादा पैशांच्या मागे आरोग्याचं किंवा स्वभावाचं कुठलंही कारण नाही. घासाघीस करायची तर इथेच करावी.

ॲलर्जी असलेल्या घरासाठी

डूडलचा उगमच ॲलर्जीतून झाला. १९८९ साली ऑस्ट्रेलियात अंधांसाठी कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेत वॉली कॉनरन यांनी लॅब्रेडॉर मादीला स्टँडर्ड पूडल दिला. हवाईतल्या एका अंध बाईंना वाटाड्या कुत्रा हवा होता आणि त्यांच्या नवऱ्याला कुत्र्याची ॲलर्जी होती. वेतात पिल्लं झाली तीन. तिघांचे केस आणि लाळ हवाईला पाठवली, त्यातलं एकच त्या गृहस्थांना मानवलं. म्हणजे अगदी पहिल्या वेतातही तीनांत एक असंच प्रमाण निघालं होतं. जाहिरातीत हे कुणी लिहीत नाही. कॉनरन यांना स्वतःला पुढे या प्रयोगाचा पश्चात्ताप झाला, आणि तोही त्यांनी लपवला नाही.

२०१२ साली नेदरलँड्समधल्या तपासणीत पूडल, लॅब्राडूडल अशा ‘ॲलर्जी न होणाऱ्या’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कुत्र्यांच्या केसांत कॅन एफ १ हे ॲलर्जीचं प्रथिन इतर कुत्र्यांपेक्षा कमी भरलं नाही, उलट जास्त भरलं. केस कमी गळतात म्हणून घरात केर कमी होतो, हे खरं. पण शिंका आणतात ती कोंड्यातली, लाळेतली आणि लघवीतली प्रथिनं. केस त्यांचं नुसतं वाहन.

आता नर-मादीचा खरा मुद्दा. कॅन एफ ५ नावाचं आणखी एक प्रथिन आहे. ते कुत्र्याच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होतं, म्हणजे फक्त नरात. लघवीवाटे ते केसांवर आणि घरभर पसरतं. कुत्र्याची ॲलर्जी असलेल्या लोकांत एक बऱ्यापैकी मोठा गट असा आहे की ज्याला एवढ्या एकाच प्रथिनाचा त्रास होतो. अशा माणसाला मादी कुत्री बहुधा मानवते, आणि खच्ची केलेल्या नरातही हे प्रथिन खूप कमी होतं, कारण त्याची निर्मिती नराच्या संप्रेरकांवर चालते.

व्यवहारात करायचं काय? त्वचेवर टोचून होणारी नेहमीची ॲलर्जी चाचणी फक्त ‘कुत्रा: पॉझिटिव्ह’ एवढंच सांगते. डॉक्टरांना घटकवार रक्तचाचणी मागायची, ज्यात कॅन एफ १, २, ५ असे आकडे वेगवेगळे येतात. फक्त ५ पॉझिटिव्ह आला तर मादी घ्या, प्रश्न बहुधा मिटला. १ किंवा इतर आकडेही पॉझिटिव्ह आले तर नर-मादीने काही फरक पडणार नाही, आणि तेव्हा डूडल हा उपाय नव्हे.

यात हमखास होणारी चूक म्हणजे पिल्लू मांडीवर घेऊन ‘तासभर बसलो, एक शिंक आली नाही’ असा निकाल काढणं. दोन महिन्यांच्या नराची प्रोस्टेट अजून कामालाच लागलेली नसते. कॅन एफ ५ वाढतं ते तो वयात आल्यावर, म्हणजे तुम्ही त्याला कायमचं घरात घेऊन सहा-आठ महिने उलटल्यावर. चाचणी बैठक करायचीच तर त्याच आई-बापांच्या आधीच्या वेतातल्या, वर्षाच्या पुढच्या, खच्ची न केलेल्या नराबरोबर करा. बंद खोलीत, आणि एकदा नाही तर दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी. या मुद्द्यावर मादी स्पष्टपणे वरचढ.

लघवी आणि केस

लॅब किंवा देशी कुत्र्याच्या बाबतीत हा मुद्दा दोन ओळींत संपला असता. डूडलचे केस वाढतच राहतात, म्हणून हा मुद्दा मोठा होतो.

नराची लघवी सुटते पोटाखाली, आणि तिथेच डूडलला लांब केस असतात. केस वाढलेला नर प्रत्येक वेळी थोडी लघवी पोटाच्या केसांत आणि पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला मुरवतो. वासाची तक्रार घेऊन येणारे बहुतेक मालक त्याला जास्त आंघोळ घालतात आणि तिथेच घोळ होतो. ओले केस न विंचरता सुकले की त्यांच्या गाठी नमद्यासारख्या घट्ट बसतात, मग त्या कातडीपासून कापूनच काढाव्या लागतात. उपाय आंघोळ नसून पोटाखालचे केस दर तीन-चार आठवड्यांनी १० नंबरच्या ब्लेडने उतरवणं हा आहे. हे ब्लेड साधारण दीड मिलिमीटर केस ठेवतं. लिंगावरच्या त्वचेच्या टोकाशी मात्र केसांचा छोटा झुपका राहू द्यायचा, लघवी त्यावरून निथळते. टोक अगदी तासून काढलं तर खुंट टोचतात, कुत्रा सारखा चाटत राहतो आणि आठवडाभरात तिथे लाली येते. पिवळसर घट्ट स्राव थोडा दिसला तर घाबरू नये, वयात आलेल्या नरात तो नेहमीचाच. हिरवट झाला, रक्त आलं किंवा सूज दिसली तर डॉक्टर. आणखी एक: नरालाही स्तनाग्रं असतात. मशीन फिरवणाऱ्याला हे माहीत असतं, पण घरी स्वतः कापणारे विसरतात.

मादी बसते, त्यामुळे पोट कोरडं राहतं, पण मागच्या मांड्यांचे आणि शेपटीखालचे केस भिजतात. तिथे योनीभोवती दोन-तीन सेंटिमीटरचा पट्टा मोकळा ठेवायचा, मशीन समोरून मागे फिरवायचं. मांडी आणि पोट जिथे जुळतं तिथे कातडीची पातळ घडी असते. मादीत काय, नरात काय, ब्लेड अडकून कापलं जातं ते नेमकं इथेच. आधी एका हाताने घडी ताणून धरायची. ब्लेड दर दोन-तीन मिनिटांनी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं, चटका बसला तर थांबायचं.

बाकी अंगाचं काम दोघांना सारखंच. स्लिकर ब्रशने कातडीपासून बाहेर, ओळ पाडून ओळीने, आठवड्यातून तीन-चार वेळा, आणि शेवटी स्टीलचा कंगवा कातडीपर्यंत जातो का ते पाहायचं. वरून मऊ दिसणाऱ्या डूडलच्या कानामागे, बगलेत आणि पट्ट्याखाली जटा दडलेल्या असतात. साधारण सातव्या ते बाराव्या महिन्यात पिल्लाचे केस जाऊन मोठ्यांचे येतात, तेव्हा रोज. पावसाळ्यात माळव्याची काळी माती पायांच्या केसांत गोळे करून बसते. ती ओली असतानाच कोमट पाण्याने सोडवावी, वाळल्यावर ब्रशने उपटायला गेलात तर केसांसकट निघते. दर सहा ते आठ आठवड्यांनी पूर्ण कापणी, हा खर्च आयुष्यभराचा.

नर वयात आला की तंगडी वर करतो. बंगल्यात त्याचं पहिलं लक्ष्य बहुधा तुळशी वृंदावन किंवा कुंड्यांची रांग. मल्टीमध्ये, म्हणजे बहुमजली इमारतीत, लिफ्टचा कोपरा आणि शेजारच्या गाडीचं टायर. पिल्लूपणी त्याला एका ठरावीक जागेवर मोकळं व्हायची सवय लावली आणि ‘चल’ म्हटल्यावरच वास घ्यायला सोडलं, तर हे आटोक्यात राहतं. तरी नराची फेरी मादीपेक्षा लांबते, कारण तो थोडी-थोडी लघवी दहा जागी करतो. विजयनगर किंवा निपानियाच्या उंच इमारतीत, सकाळी नोकरीला निघायच्या घाईत, हा पाच-दहा मिनिटांचा फरक रोज जाणवतो. मादी एकदा बसली की काम झालं. मात्र लॉन असेल तर तिच्या एकाच जागच्या लघवीने पिवळी वर्तुळं पडतात. लगेच बादलीभर पाणी ओतलं तर पडत नाहीत. आणि स्वच्छतेत सतत पहिला नंबर काढणाऱ्या या शहरात, नर असो की मादी, शी उचलायची पिशवी खिशात हवीच.

मादीचा माज आणि ऑपरेशन

मादी घेताना किंमत विचारली जाते, माजाबद्दल क्वचित विचारलं जातं. पहिला माज लहान डूडलमध्ये सहाव्या महिन्यानंतर केव्हाही, मोठ्यात वर्ष-सव्वा वर्षापर्यंत. त्यानंतर वर्षातून साधारण दोनदा. प्रत्येक वेळी तीन आठवडे.

पहिले सात ते दहा दिवस रक्त जातं. मग ते फिकट, पेंढ्याच्या रंगाचं होतं आणि घरातले म्हणतात ‘संपलं’. गर्भ राहण्याचे दिवस सुरू होतात ते तेव्हा. बहुतेक नको असलेली वेतं याच गैरसमजातून होतात. तीन आठवडे पूर्ण होईपर्यंत साखळी हातातून सुटता कामा नये, कॉलनीच्या बगीच्यात नेऊ नये, फेरी गच्चीवर. राजेंद्रनगर, लोकमान्यनगर अशा तळमजल्याच्या जुन्या घरांत गल्लीतले कुत्रे फाटकाशी ठाण मांडतात आणि चार फुटांची भिंत त्यांना अडवत नाही. वरच्या मजल्यावर हा त्रास बराच कमी. डायपर लावायचा असेल तर त्याखालचे केस आधी उतरवा, नाहीतर ओलाव्याने दोन दिवसांत गाठी आणि चौथ्या दिवशी पुरळ. माज संपल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी काही माद्यांना खोटा गर्भ होतो: खेळणं उचलून कोपऱ्यात नेणं, अंथरूण उकरणं, स्तनांत दूध. बहुतेक वेळा आपोआप ओसरतं. स्तन दाबून बघत बसू नये, दाबल्याने दूध वाढतं.

माज थांबवायचं इंजेक्शन सुचवणारे भेटतील. ते टाळावं. त्यातल्या संप्रेरकाने गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढतो.

तो धोका एरवीही कमी नाही. स्वीडनमधल्या विम्याच्या नोंदींनुसार ऑपरेशन न झालेल्या माद्यांपैकी जवळपास चौथ्या हिश्शाला दहा वर्षांच्या आत हा आजार होतो. माजानंतर दोन ते आठ आठवड्यांत मादी अचानक खूप पाणी प्यायला लागली, जेवण सोडलं, उलट्या झाल्या, मागून पू दिसला किंवा न दिसताच पोट फुगलं, तर उद्यावर ढकलायचं नाही. त्याच दिवशी सोनोग्राफी.

म्हणून वेत काढायचं नसेल तर ऑपरेशन. कधी, हा डूडलमधला अवघड प्रश्न. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी २०१३ साली गोल्डन रिट्रीव्हरवर आणि २०२० साली ३५ जातींवर अभ्यास केले. गोल्डनमध्ये वर्षाच्या आत ऑपरेशन झालेल्या नर-माद्यांत सांध्यांचे आजार कित्येक पटींनी वाढलेले दिसले. गोल्डनडूडलमध्ये निम्मं रक्त तेच, तेव्हा सहाव्या महिन्यात उरकून टाका हा जुना सल्ला मोठ्या डूडलला लावू नये. दुसरीकडे, पहिल्या माजाआधी ऑपरेशन केलं तर स्तनांच्या गाठींचा धोका ऑपरेशन न झालेल्या मादीच्या तुलनेत ०.५ टक्का, पहिल्या माजानंतर ८, दुसऱ्यानंतर २६ हे आकडे डॉक्टर सांगतात. ते १९६९ सालच्या अभ्यासातले आहेत आणि पुढच्या पडताळणीत तो पुरावा कच्चा ठरला. दोन्ही बाजू जमेस धरून मोठ्या डूडल मादीला पहिला माज होऊ द्यावा, तो संपल्यावर अडीच-तीन महिन्यांनी, दुसऱ्याच्या आत ऑपरेशन करावं. माजात किंवा लगेच नंतर नको, तेव्हा गर्भाशयाचा रक्तपुरवठा वाढलेला असतो. छोट्या डूडलला वर्षाच्या आसपास चालतं. मोठ्या माद्यांपैकी काहींना ऑपरेशननंतर काही वर्षांनी झोपेत लघवी गळते. औषधाने ते आवरतं, पण ते औषध आयुष्यभर.

ऑपरेशनआधी दोन गोष्टी मागून घ्यायच्या. एक, रक्ताची पूर्ण तपासणी, त्यात प्लेटलेट. आपल्याकडे गोचिडांमुळे होणाऱ्या तापात प्लेटलेट पडतात आणि वरून कुत्रं ठणठणीत दिसतं. दुसरी खास डूडलसाठी: पूडलमध्ये व्हॉन विलेब्रँड नावाचा रक्त न गोठण्याचा आनुवंशिक दोष असतो. आईबापांचा डीएनए अहवाल नसेल तर डॉक्टरांना ‘पूडलचा संकर आहे’ हे शब्दांत सांगा, ते आधी ओठाच्या आत बारीक छेद देऊन रक्तस्रावाची वेळ पाहू शकतात. मादीचं ऑपरेशन पोट उघडून होतं, त्यामुळे बिलही नरापेक्षा जास्त आणि विश्रांतीही, दहा ते चौदा दिवस. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय शहरापासून तासाभराच्या अंतरावर आहे, तिथलं रुग्णालय दुसऱ्या मतासाठी जरूर लक्षात ठेवावं.

नराचं पारडं

नराला हे सगळं नाही, आणि खर्चाच्या बाजूने तो स्वस्त पडतो. खच्ची करण्याचं ऑपरेशन छोटं, पोट उघडायचं नसतं. मोठ्या डूडल नराला दीड ते दोन वर्षांपर्यंत थांबावं. २०२० च्या त्याच अभ्यासात स्टँडर्ड पूडल नरांसाठीही दोन वर्षांनंतर असाच सल्ला निघाला. तोपर्यंत वर्ष-दीड वर्ष वयात आलेला नर घरात सांभाळायचा आहे, हे मनाशी धरून चालावं. गल्लीत कुठे मादी माजावर आली की तो जेवत नाही, दाराशी रडतो, साखळी ओढतो. खच्ची केल्यावर भटकणं बऱ्याच अंशी थांबतं, लघवीच्या खुणा निम्म्या घरांत कमी होतात. भीती, भुंकणं, एकटं राहिल्यावर सोफा फाडणं यावर ऑपरेशनचा काही उपयोग नाही. त्यासाठी खच्ची करून घेणारे पुढे चिडतात.

एकाच वेतातला नर मादीपेक्षा १० ते १५ टक्के जड भरतो. छोट्या डूडलमध्ये हा फरक किलो-दीड किलोचा, विसरून जावा. मोठ्यात तो पैशांत उतरतो. गोचिडांवरच्या नेक्सगार्ड गोळीचे टप्पे ४ ते १०, १० ते २५, २५ ते ५० किलो असे आहेत. २४ किलोची मादी मधल्या डब्यात बसते, २७ किलोचा तिचा भाऊ वरच्या. ग्रूमरही आकारावरच दर लावतो. सत्तरीतले आजी-आजोबा फिरवणार असतील तर ते तीन किलो खांद्याला जाणवतात.

पिल्लू हातात घेतल्यावर

नर असेल तर दोन्ही अंडकोष खाली उतरलेत का, हे स्वतःच्या बोटांनी पाहायचं. आठ आठवड्यांच्या पिल्लाला उभं धरा, हात कोमट असू द्या, मागच्या पायांमधून अंगठा आणि तर्जनी अलगद पुढे सरकवा. वाटाण्याएवढ्या दोन घट्ट गोळ्या लागायला हव्यात. पिल्लू घाबरलं किंवा थंडीने आकसलं तर त्या वर सरकतात, म्हणून एकच लागली तर पिल्लू खेळू द्या आणि पाच मिनिटांनी पुन्हा पाहा. तरीही एकच, तर ‘उतरेल हो’ यावर विश्वास ठेवू नका. सहा महिन्यांपर्यंत न उतरलेला अंडकोष पुढे उतरत नाही, आत राहिला तर त्यात गाठ होण्याचा धोका कित्येक पट, आणि तो काढायला पोट उघडावं लागतं. म्हणजे नराचा स्वस्तपणा संपला. छोट्या पूडलच्या वंशात हा दोष जास्त दिसतो, म्हणजे छोट्या डूडलमध्ये ही तपासणी आणखी महत्त्वाची.

मादी असेल तर शेपटीखालचे केस कोरडे आहेत का पाहा. ओले असतील तर तिला लघवी होऊ द्या, पुसून कोरडी करा आणि अर्धा-पाऊण तास कोऱ्या वर्तमानपत्रावर खेळू-झोपू द्या. कागदावर ठिपके पडत राहिले तर मूत्रवाहिनी मूत्राशयाऐवजी भलत्या ठिकाणी जोडली गेल्याची शंका घ्यायला जागा आहे. हा जन्मजात दोष माद्यांत जास्त आढळतो, आणि ज्या जातींत तो नोंदला गेलाय त्यांत गोल्डन, लॅब आणि पूडल तिन्ही आहेत. ‘अजून लहान आहे, शिकेल’ हे उत्तर इथे चालत नाही. शिकवण्याचा यात संबंधच नाही. थोडा पांढरट चिकट स्राव मात्र पिल्लूपणी दिसतो आणि बहुधा पहिल्या माजापर्यंत जातो.

बेंबीपाशी मऊ फुगवटा, पुढचे-मागचे पाय, दातांची जुळणी, हे दोघांत सारखंच.

स्वभावाबद्दल थोडंच, कारण सांगण्यासारखं थोडंच आहे. एका वेतातल्या दोन माद्यांत जेवढा फरक सापडतो, तेवढा नर-मादीत सापडत नाही. २०२४ साली ब्रिटनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने कॉकापू, कॅव्हापू, लॅब्राडूडल यांच्या आरोग्याची त्यांच्या मूळ जातींशी तुलना केली. संकर म्हणून विशेष फायदा दिसला नाही. डूडलच्या ऊर्जेला रोज दोन फेऱ्या आणि डोक्याला काम लागतं. मे महिन्यात दुपारी नाही. रात्री नऊनंतरची माळव्याची हवा डूडलला मानवते.

घरात आधी कुत्रा असेल तर विरुद्ध लिंगाचं पिल्लू बरं पडतं, फक्त दोघांपैकी एकाचं ऑपरेशन वेळेत व्हायला हवं. दोन माद्यांची भांडणं उशिरा सुरू होतात आणि सहज मिटत नाहीत. एकाच वेतातली नर-मादीची जोडी ‘एकमेकांना सोबत’ म्हणून खपवली जाते, ती घेऊ नये. बहिणीचा पहिला माज येईपर्यंत भाऊ वयात आलेला असतो.

कागद

केनेल क्लब ऑफ इंडिया डूडलला जात म्हणून मान्यता देत नाही. ‘केसीआय पेपरवाला डूडल’ म्हणणारा एकतर अडाणी आहे किंवा तुम्हाला तसं समजतो. कागद मागायचे ते आईचे आणि बापाचे वेगवेगळे, शिवाय दोघांच्या खुब्याचे एक्स-रे, डोळ्यांच्या पीआरए दोषाचा आणि व्हॉन विलेब्रँडचा डीएनए अहवाल. २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी आणि आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही. ‘पंचेचाळीस दिवसांचं तयार आहे’ अशी जाहिरात दिसली की पुढे सरकावं. ल्हासा किंवा शिह त्झूचा पॉमेरेनियनशी झालेला संकर ‘मिनी डूडल’ म्हणून फोटोवरून विकला जातो. आई समोर आणा म्हटलं की ती नेमकी दुसऱ्या गावी असते. आगाऊ रक्कम घेऊन गाडीने पिल्लू पाठवणाऱ्यांकडून नर मागवला आणि मादी आली, असंही होतं. आलेल्या पिल्लाला परत पाठवायला घरातल्या कुणाचं मन होत नाही, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

पावतीवर हे लिहून घ्या: पिल्लाचं लिंग, जन्मतारीख, मायक्रोचिपचा नंबर, आई-बापाचे नंबर, लसीची आणि जंतनाशकाची तारीख. नर असेल तर ‘दोन्ही अंडकोष उतरलेले’ किंवा ‘एक उतरलेला नाही, सहा महिन्यांत न उतरल्यास ऑपरेशनचा खर्च विक्रेत्याकडे’. मादी असेल तर ‘लघवी गळत नाही, सात दिवसांत डॉक्टरांनी जन्मजात दोष सांगितल्यास पूर्ण रक्कम परत’. लिहून द्यायला जो का-कू करतो, त्याच्याकडून नरही घेऊ नये आणि मादीही.